पाचवा मोजा

थेरपीसाठी नेते ती माझी खेळण्यांची पिशवी त्या दिवशी मी उघडलीच नाही. आधीचे दोन आठवडे रोज उघडत होते. ठोकळे, साबणाचे फुगे, किल्लीचा बेडूक. साडेतीन वर्षांच्या त्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाने एकालाही हात लावला नव्हता. वॉशिंग मशीन सुरू झालं की मात्र तो धावत जाऊन काचेच्या दारासमोर बसायचा. आई त्याला उचलून परत माझ्यापुढे आणायची, तो रडायचा, आणि आमचा तास त्यातच जायचा.

त्या दिवशी आईला म्हटलं, "आणू नका त्याला. आपणच तिकडे जाऊ."

मी काचेपाशी बसले, थोडी तिरकी, म्हणजे मान जराशी वळवली तरी त्याला माझा चेहरा दिसावा. आतले कपडे फिरतील तसं तो हवेत बोट फिरवत होता. मीही फिरवलं. तो थांबला, मी थांबले. पुढच्या खेपेला तो मुद्दामच थांबला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, ही थांबते का.

मग धुवायचा दुसरा ढीग आला. त्यातले मोजे मी मांडीवर घेतले. एकेक त्याच्या हातात द्यायचा, "टाक" म्हणायचं, तो आत टाकायचा. चार मोजे असेच गेले. पाचवा मी माझ्या गालाजवळ धरला आणि गप्प राहिले. दर वेळी असं अडवलं तर खेळ संपतो, वसुली सुरू होते. म्हणून आधीचे चार सहज द्यायचे.

ती पाच-सहा सेकंदं फार लांब वाटतात. आईला राहवेना. "मोजा म्हण ना राजा, मो-जा..." मी मानेनेच नको म्हटलं. त्याने मोज्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मग थेट माझ्या डोळ्यांत.

"ता."

क्षणात मोजा त्याच्या हातात दिला. "टाक!"

"बोलला!" म्हणत आईने तोंडावर हात धरला. मला त्या 'ता'च्या आधीची नजर जास्त मोलाची वाटत होती. हवी ती वस्तू आणि समोरचं माणूस यांना नजरेने जोडणं, ज्याला आम्ही संयुक्त लक्ष म्हणतो, ते या मुलांना सहज येत नाही, आणि पुढची भाषा बरीचशी त्यावरच उभी राहते.

मी सुरुवातीला हे काम शिकले ते मुलाला टेबलाशी बसवून. 'चेंडू दाखव' म्हणायचं, बरोबर दाखवलं की खाऊ. मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या स्वमग्न मुलांवरच्या १९८७ च्या अभ्यासात तसं काम आठवड्याला ४० तास चालायचं. पण चेंडूचा आणि खाऊचा संबंध काय? इथे मोजा मागितला म्हणून मोजाच मिळाला. आणि 'टाक'ऐवजी 'ता' आलं तरी प्रयत्न मनापासूनचा असेल तर तो लगेच फळला पाहिजे, हे रॉबर्ट आणि लिन केगल या ऑटिझमच्या अभ्यासकांच्या पद्धतीतलं तत्त्व. उच्चार मागाहून सुधारता येतो.

उरलेले मोजे आईच्या हाती दिले. पहिल्या दोन वेळा तिने घाई केली. तिसऱ्यांदा ओठ घट्ट मिटून थांबली, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या चालल्या होत्या. "मॅडम, एक मोजा घेऊन तो बाबांपुढे उभा राहिला. बोलला काहीच नाही. बाबांनी वर बघेपर्यंत धरून उभा होता."