पॉवर रेंजर्सची आरोळी आणि तिची भावंडे

‘पॉवर रेंजर्स’ या रंगीबेरंगी मुखवटाधारी वीरांच्या अमेरिकी टीव्ही मालिकेतले कलाकार, पोशाख, शत्रू आणि यंत्रे जवळजवळ दर वर्षी बदलत गेली, कारण मूळ जपानी ‘सुपर सेंताई’ मालिकाच दर वर्षी नवा चमू घेऊन येत असे आणि अमेरिकी निर्माते तिच्यातल्या मुखवटाधारी लढाया उचलून उरलेली कथा आपल्या नटांकडून करून घेत. एवढ्या उलथापालथीतही ती एकच मालिका वाटत राहिली, याचे बरेचसे श्रेय मी तिच्या संगीताला देतो.

१९९३ साली ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’साठी रॉन वॉसरमन यांनी बांधलेले शीर्षकगीत हेवी मेटलच्या घराण्यातले असले, तरी त्याची खुबी गिटारपेक्षा घोषात आहे. ‘गो गो’ आणि त्यापाठोपाठ चमूचे नाव, एवढे आले की इंग्रजीचा गंध नसलेले पोरही त्यात सामील होते. वॉसरमन यांनी लढायांनाही शब्दांसकट गाणी दिली. त्यामुळे पडद्यावर जपानी चित्रीकरणाचा रंग आणि प्रकाश अचानक वेगळा दिसू लागला, तरी कानाला तो सांधा जाणवत नसे.

नागपुरात आमच्या ओळखीचे रेंजर्स म्हणजे जेटिक्स या मुलांच्या वाहिनीवर हिंदी बोलणारे ‘पॉवर रेंजर्स एसपीडी’. मे महिन्याच्या दुपारी महाल भागातल्या घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असा घरघरत असे की निम्मे संवाद त्यात बुडून जात, पण शीर्षकातली ती तीन अक्षरे मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत आणि मग आतून आवाज कमी करण्याचा हुकूम येई. संध्याकाळी गल्लीत त्याच अक्षरांच्या गजरात रंगांची वाटणी व्हायची आणि लाल कोण, यावर पहिली मारामारी आपसांतच व्हायची. (२००५ साली आलेल्या त्या मालिकेची कथा २०२५ मध्ये घडते, ते वर्षही आले नि गेले, पण कुत्र्याच्या तोंडाचा निळा कमांडर काही कुठे दिसला नाही.)

रेंजर्सचे मूळ अमेरिकी निर्माते सबान यांनी काढलेल्या भावंड-मालिका फिक्या का पडल्या, हेही या घोषावरून कळते. १९९४ची ‘व्हीआर ट्रूपर्स’ ही स्वतंत्र मालिका. तिचे शीर्षकगीतही वॉसरमन यांचेच आणि चांगले दणदणीत. पण लढायांची दृश्ये वेगवेगळ्या जपानी मालिकांतून जोडलेली असल्यामुळे तिघे नायक वेशांतर केल्यावर क्वचितच एका चौकटीत येत. गाणे चमूचे आणि लढणारा एकटा, ही विसंगती लहान मुलाच्याही लक्षात येते. १९९५ची ‘मास्क्ड रायडर’ तर रेंजर्सच्याच भागांतून फुटलेली शाखा. ‘कामेन रायडर ब्लॅक आरएक्स’ या जपानी मालिकेतल्या एकांड्या, गंभीर वीराला तिने अमेरिकी कुटुंबातल्या विनोदी प्रसंगांत आणून बसवले. एकट्या वीरालाही धून शोभते, नाही असे नाही, पण ती वेगळ्या जातीची लागते. गल्लीत पाच जणांनी मिळून खेळायला तिथे काहीच नव्हते.

२०१० मध्ये सबान यांनी डिस्नेकडून पॉवर रेंजर्स परत विकत घेतली आणि पुढच्याच वर्षीच्या ‘पॉवर रेंजर्स सामुराई’त ‘गो गो पॉवर रेंजर्स’ नव्या मांडणीत परतले. निर्णय हिशेबी आणि अचूक होता. मांडणीत मात्र गिटार पातळ झाली आहे, हे माझे मत कायम आहे.