तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांत भारी फॉरवर्ड लाइन कुणाची?

आमच्याकडे मेलबर्नला गणपती आणि फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, फायनल्स एकाच सुमाराला येतात. त्यामुळे आरती झाली, प्रसादाची वाटी हातात आली, की कुणी ना कुणी मला गाठतंच. कधी नुकताच इकडे आलेला आयटीतला मुलगा, कधी इथेच जन्मलेली, शाळेच्या संघातून खेळणारी मुलगी. प्रश्न ठरलेला: "काकू, तुम्ही इतकी वर्षं बघताय. आजवरची सगळ्यांत भारी फॉरवर्ड लाइन कुठली?" उभ्याउभ्या मी एवढंच सांगते: हॉथॉर्न, १९८८ आणि १९८९. त्यावर लगेच कुणी बडी फ्रँकलिनचं नाव काढतं, कुणी गॅरी ॲब्लेटचं, आणि बोलणं रंगात येतं तोवर जेवायला हाक येते. म्हणून आज बसून नीट सांगते.

मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची फुटबॉलची मॅच असली की वडील मला शाहू स्टेडियमवर घेऊन जायचे. पेठ कुठली त्यावर संघ ठरायचा, आणि एकदा ठरला की तो जन्माचा. १९९८ साली मेलबर्नला आले तेव्हा फूटी हा खेळ मला अनोळखी होता, पण तो बघणारी माणसं अजिबात अनोळखी वाटली नाहीत. कॉलिंगवुड, रिचमंड, एसेंडन, कार्लटन, हॉथॉर्न ही सगळी मुळात उपनगरांची नावं. आजोबांचा क्लब तोच बापाचा, तोच नातवाचा. आमच्या पेठांसारखंच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. क्रिकेटचंच लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडूही लांबट. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेनं चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक गुण. लाथेनं आलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलला की तो 'मार्क', मग थांबून निवांत किक मारता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ऑफसाइड नाही. कुणीही कुठेही उभं राहू शकतं. फॉरवर्ड लाइन म्हणजे गोलच्या बाजूचे सहा जण: मध्ये फुल फॉरवर्ड, त्याच्या दोन्ही अंगांना पॉकेटमधले दोघे, आणि पुढे सेंटर हाफ फॉरवर्ड नि त्याचे दोन फ्लँक. सहा जण, आणि त्यांच्या अंगाला चिकटलेले सहा बचावपटू.

ऑफसाइड नसल्यामुळे जागा आयती मिळत नाही, ती करावी लागते. हे मला शिकवलं आमच्या पहिल्या घराच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांनी. कट्टर हॉथॉर्नवाले. त्यांच्याकडे १९८९च्या ग्रँड फायनलची, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याची, व्हीएचएस टेप होती आणि रिमोटवर त्यांचा अंगठा सतत पॉजच्या बटणावर असायचा. ते म्हणायचे, "चेंडूकडे बघू नकोस. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला बघ." मी महिनाभर चेंडूकडेच बघत होते. मग एका संध्याकाळी त्यांनी जेसन डनस्टॉलची एक धाव सहा-सात वेळा मागे नेऊन दाखवली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

डनस्टॉल गोलसमोर उभा आहे, त्याच्यावरचा बचावपटू, म्हणजे फुल बॅक, त्याच्या पाठीला लागून. डनस्टॉल दोन पावलं मागे, गोलकडे सरकतो. फुल बॅकला वाटतं, चेंडू डोक्यावरून येणार, म्हणून तोही मागे वजन टाकतो. त्या क्षणी डनस्टॉल उलट फिरून सरळ चेंडूकडे सुटतो. इथल्या भाषेत 'लीड'. आणि खरी गंमत म्हणजे मधल्या खेळाडूनं तोपर्यंत किक मारलेलीसुद्धा असते. डनस्टॉल जिथे आहे तिथे नव्हे, तो जिथे पोचणार आहे तिथे. चेंडू छातीच्या उंचीवर, हात पुढे, अंगाशी घट्ट मार्क. फुल बॅक एका हाताच्या अंतरावर, आणि तेवढं अंतर पुरतं. एवढ्यावर १९८८ साली त्यानं १३२ गोल केले आणि १९८९ साली १३८. पुढे १९९२ साली १४५. एकूण १२५४. त्याच्यापुढे आजही फक्त दोघे आहेत: टोनी लॉकेट १३६० आणि कॉलिंगवुडचा गॉर्डन कव्हेंट्री १२९९.

पण आजोबांनी रिमोट पुन्हा दाबला आणि म्हणाले, "आता बाकीचे पाच कुठे आहेत ते बघ." डनस्टॉल ज्या पट्ट्यातून धावला तो पट्टा पूर्ण रिकामा होता. तो रिकामा होता कारण डर्मट ब्रेरटन आपल्या अंगावरच्या बचावपटूला घेऊन आधीच बाजूला गेला होता. ब्रेरटन सेंटर हाफ फॉरवर्ड. सोनेरी कुरळे केस, उंचापुरा, कुणालाही न भिणारा. १९८५च्या ग्रँड फायनलमध्ये संघ हरत असताना एकट्यानं ८ गोल मारणारा हा माणूस, आणि इथे तो दुसऱ्याला वाट करून देण्यासाठी धावत होता. हवेतल्या चेंडूसाठी ब्रेरटन दोघा-तिघांना अंगावर घेऊन उडी मारायचा. मार्क झाला तर उत्तमच, नाही झाला तर चेंडू खाली पडायचा आणि तिथे जॉन प्लॅटन टपलेला असायचा. छोटासा, केसांचं जंगल असलेला. १९८७चं ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यानं लॉकेटबरोबर विभागून घेतलं होतं. रोव्हरनं, म्हणजे खाली पडलेला चेंडू टिपणाऱ्या छोट्या, चपळ खेळाडूनं, दम खायला फॉरवर्ड पॉकेटमध्ये जायची तेव्हा पद्धत होती, आणि प्लॅटनचा तो दम खाणंसुद्धा बचावपटूंना जड जायचं.

आणि गॅरी बकेनारा. त्याच्याबद्दल एकच प्रसंग सांगते. १९८७ची प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे उपांत्य सामना, वेव्हर्लीच्या मैदानावर. मेलबर्न पुढे. बकेनाराला किक मिळाली, पण लांबची. तेवढ्यात मेलबर्नचा जिम स्टाइन्स नियम मोडून त्याच्यासमोरून आडवा धावला आणि पंचांनी बकेनाराला पंधरा मीटर पुढे आणलं. मॅच संपल्याचा सायरन वाजून गेलेला. त्यानं चेंडू खांबांमधून घातला आणि हॉथॉर्न दोन गुणांनी ग्रँड फायनलला गेलं. मी इथल्या मेलबर्नच्या समर्थकांशी बोलले आहे; तो प्रसंग निघाला की ते अजूनही गप्प होतात.

१९८८च्या ग्रँड फायनलमध्ये याच मेलबर्नला हॉथॉर्ननं ९६ गुणांनी हरवलं. ती मॅच मी पूर्ण बघितलेली नाही, बघवत नाही.

१९८९ची मात्र पाठ आहे. समोर जिलाँग. मॅच सुरू करायला पंचांनी आपटलेला चेंडू उसळतो न उसळतो तोच जिलाँगचा मार्क येट्स धावत येऊन ब्रेरटनवर आदळला. बरगड्या मोडल्या. ब्रेरटन वाकून चालतोय, मदतनीस त्याला बाहेर न्यायला आलेत, आणि तो त्यांना हातानं दूर सारतो. थोड्याच वेळात त्यानं मार्क घेतला आणि गोल केला. त्या दिवशी त्याचे एकूण तीन. आजोबा इथे टेप कधीच थांबवायचे नाहीत. हात मांडीवर ठेवून नुसते बघायचे.

आणि त्याच मॅचमध्ये दुसऱ्या टोकाला गॅरी ॲब्लेट. ९ गोल! ग्रँड फायनलमध्ये इतके त्याच्याआधी फक्त कव्हेंट्रीनं, १९२८ साली. ॲब्लेटच्या पायात चेंडू आला की समोरचे सहाही बचावपटू त्याच्याकडे वळायचे आणि तरी तो सुटायचा. शेवटच्या क्वार्टरला जिलाँग ३६ गुणांनी मागे होतं, ते सहा गुणांवर आलं. १४४ विरुद्ध १३८. ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक हरलेल्या संघातल्या ॲब्लेटला मिळालं आणि ते योग्यच होतं. मी आजवर पाहिलेला सगळ्यांत थोर फॉरवर्ड तोच. म्हणूनच तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तो नाही. तुम्ही लाइन विचारलीत. जिलाँगकडे त्या दिवशी एक माणूस होता, हॉथॉर्नकडे सहा.

क्रिकेटप्रेमी मंडळींसाठी थोडं मागे जाते. १९३०च्या दशकात साउथ मेलबर्नकडे बॉब प्रॅट आणि लॉरी नॅश एकत्र होते. प्रॅटनं १९३४ साली एका मोसमात १५० गोल केले. तो आकडा आजवर कुणी ओलांडलेला नाही. १९७१ साली हॉथॉर्नच्या पीटर हडसननं बरोबरी केली तेवढीच. नॅश तर ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेला वेगवान गोलंदाज. १९३२ साली दक्षिण आफ्रिका एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, ३६ धावांत गारद झाली त्यात त्याच्या ४ विकेट्स होत्या. ज्या मैदानावर १९८५ साली रवी शास्त्रीनं ऑडी जिंकली, तेंडुलकरनं आणि रहाणेनं शतकं काढली, त्याच मैदानावर हा माणूस उन्हाळ्यात चेंडू टाकायचा आणि हिवाळ्यात गोल मारायचा. पण या जोडगोळीच्या वाट्याला विजेतेपद एकच आलं, १९३३चं. १९३५च्या ग्रँड फायनलच्या दोन दिवस आधी ट्रॅममधून उतरताना प्रॅटला विटांच्या ट्रकनं धडक दिली, तो खेळू शकला नाही आणि संघ हरला. तेव्हाचं चित्रीकरण तुटक आहे, लीड कशी घ्यायचे ते दिसत नाही. नुसत्या आकड्यांवर मी त्यांना पहिला नंबर देऊ शकत नाही, पण त्यांचं नाव घेतल्याशिवाय ही चर्चा करू नये.

मी स्वतः मैदानात बसून पाहिलेल्यांपैकी पहिला म्हणजे वेन कॅरी. नॉर्थ मेलबर्नचे कोच डेनिस पेगन यांनी एक वेगळीच युक्ती काढली होती. बाकीच्या फॉरवर्ड्सना वर, मधल्या भागात बोलवून घ्यायचं, म्हणजे त्यांचे बचावपटूही मागोमाग येणार. गोलसमोर अख्खं रान मोकळं, त्यात फक्त कॅरी आणि त्याच्यावरचा एक बचावपटू. मग लांब किक. लोक त्याला 'पेगन्स पॅडक' म्हणायचे, पेगनचं कुरण. १९९६ आणि १९९९ची विजेतेपदं त्या कुरणात पिकली. फॉरवर्ड लाइन रिकामी करून फॉरवर्ड लाइन चालवणं! जागेचं महत्त्व याहून स्वच्छ कुणी दाखवलेलं नाही.

एसेंडन २०००: पूर्ण मोसमात एकच मॅच हरलेला संघ, मॅथ्यू लॉइडचे १०९ गोल. ब्रिस्बेन २००१ ते २००३: ॲलिस्टर लिंच, ब्राउन, ब्रॅडशॉ आणि पॉकेटमध्ये अकरमॅनिस. दोन्ही पहिल्या पाचांत, वाद नाही.

२००८च्या हॉथॉर्नबद्दल तरुण मंडळी माझ्याशी भांडतात. फ्रँकलिन ११३, रफहेड ७५. दोघांचे मिळून १८८. फ्रँकलिनचा शंभरावा गोल झाला तेव्हा प्रेक्षक कुंपणावरून उड्या टाकून मैदानात शिरले. त्याच मॅचमध्ये समोरच्या कार्लटनचा फेव्होला ९९वर राहिला. त्यानंतर एका मोसमात शंभर गोल कुणीही केलेले नाहीत, कारण आता बचावाला सहा नाही, दहा-बारा माणसं मागे धावतात. २०१९ साली नियमच करावा लागला की मैदानाच्या मधून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाचे तिन्ही भागांत सहा-सहा खेळाडू हवेतच. मी त्या मुलांना म्हणते, फ्रँकलिन मला मनापासून आवडतो, पण त्या संघात नजर सतत एकाकडे जायची.

माझं मत डळमळलं ते एकदाच, २०१७ साली. रिचमंड आणि जायंट्सची प्रिलिमिनरी फायनल, एमसीजीवर ९४ हजारांवर माणसं. मी पंट रोडच्या टोकाला, गोलच्या मागे, अगदी वरच्या मजल्यावर. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो; जागा बघायची तर गोलच्या मागेच बसावं लागतं. रिचमंडकडे उंच फॉरवर्ड एकच, जॅक रीवोल्ट. बाकी बटलर, कास्टान्या, डॅनियल रिओली, सगळे छोटे, चपळ. जायंट्सच्या एका बचावपटूनं खाली चेंडू उचलला, वळायला पाय टाकला, आणि वरून मला दिसलं की तिन्ही बाजूंनी रिचमंडचे काळे-पिवळे तिघे निघालेत. त्याला मात्र ते दिसत नव्हते. घाईत हँडबॉल, म्हणजे मुठीनं मारलेला पास, आणि चेंडू निसटला. ही पोरं दुसऱ्याची जागा खात होती. आठवड्यानं ग्रँड फायनलमध्ये समोर ॲडलेड: टेलर वॉकर, जेंकिन्स, एडी बेट्स, टॉम लिंच. त्या मोसमात सगळ्यांत जास्त गुण केलेला संघ. रिचमंडनं त्यांना ६० गुणांत रोखलं आणि ४८नं हरवलं, ३७ वर्षांनी विजेतेपद आणलं.

त्या रात्री मी आजोबांना फोन केला. म्हटलं, मला वाटतं आता उत्तर बदलावं लागेल. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती पोरं जागा हिसकावतात. आमचे सहा जण एकमेकांना द्यायचे. तुला काय आवडतं ते तू ठरव."

माझं ठरलंय. टेप आता माझ्याकडे आहे आणि व्हीसीआरही चालू स्थितीत आहे. दुसऱ्या क्वार्टरपासून चित्र थोडं हलतं, पण डनस्टॉलची लीड अगदी स्वच्छ दिसते. या विसर्जनानंतरच्या रविवारी दुपारी मी घरीच आहे. ज्यांना फ्रँकलिनची बाजू मांडायची आहे त्यांनी जरूर यावं.