केविन गुणी झाला होता

१० जुलै २०२२, रविवार. लीड्स.

आज आषाढी. एका शेगडीवर साबुदाण्याची खिचडी, दुसऱ्या शेगडीवर केविनचं, म्हणजे आमच्या पाळलेल्या फेरेटचं, चिकन. (फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबुडका प्राणी.) सांगलीत असते तर आईने मला भांड्यांसकट बाहेर काढलं असतं. ह्यांचं म्हणणं, उपास तुझा आहे, त्याचा नाही. खरं आहे. फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पार होतं, त्याला उपास मानवतच नाही. त्यातून पक्का मांसाहारी. साबुदाणा, पोळी, फळं, यातलं काही त्याच्या कामाचं नाही. ठकी, आमची दुसरी फेरेट, खिचडीच्या वासाने पायात घोटाळत होती, तिलाही दाणा दिला नाही.

केविनचं चिकन हल्ली वाटून, कोमट पाणी घालून, पातळ पिठल्यासारखं करते. दर चार तासांनी एक वाटी. रात्री दोनचा गजर लावलेला असतो. एकादशी अन् दुप्पट खाशी, ते यालाच म्हटलेलं असावं. त्याचं मिक्सरचं भांडं वेगळं, फ्रीझरचा खालचा कप्पा वेगळा. त्या कप्प्यात काय काय असतं ते आईला कधी सांगितलेलं नाही. (कोंबडीची एक दिवसाची पिल्लं असतात, गोठवलेली. इथे बरेच फेरेटवाले तीच घालतात. मी चिमटा वापरते आणि दुसरीकडे बघते.)

वजन १०८५ ग्रॅम.

१२ जुलै, मंगळवार.

ही वही खरं तर वजनासाठीच आणली होती. मे महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज वजन लिहा, खाणं लिहा, शी कशी झाली ते लिहा. लिहिता लिहिता तिच्यात दूधवाला आला, कचऱ्याच्या डब्याचा वार आला, आता मीही आले.

आज जुनी पानं चाळताना एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली. मार्च-एप्रिलमध्ये मी लेकीला फोनवर सांगत होते, "अगं, केविन किती गुणी झालाय." चार वर्षांपूर्वी ती त्याला इथल्या एका निवाऱ्यातून घेऊन आली, नावही तिथलंच. तेव्हा हा काय होता! पाठीची कमान करून, तोंड वासून, आडव्या उड्या मारत भिंतीवर आपटायचा आणि आपटल्याच्या आनंदात डुक-डुक आवाज काढायचा. मोजे, रिमोट, ह्यांच्या चष्म्याचं घर, सगळं सोफ्याखाली. फेरेटच्या लॅटिन नावाचं मूळही चोर या शब्दातच आहे. गेल्या सप्टेंबरात लेक ग्लासगोला शिकायला गेली आणि दोन्ही प्राणी माझ्या पदरात पडले. मला तेव्हा हवे होते असं नाही.

मग मार्चपासून हा शांत झाला. झोळीतून कमी उतरायचा. खेळता खेळता मध्येच थांबून समोर टक लावून बघत बसायचा. मला वाटलं, वय झालं, पाच वर्षं म्हणजे त्यांच्यात पोक्तपणाच. मागचे पाय लटपटले तेव्हा संधिवात म्हटलं. वजन उतरलं तेव्हा म्हटलं उन्हाळा आला, हिवाळ्यातली चरबी उतरतेच यांची. तोंडावर पंजा घासायचा, तेव्हा दातात काही अडकलं असेल म्हणून मी बॅटरी लावून तोंडात बघितलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. सगळी एकत्र मांडून बघायचं तेवढं सुचलं नाही.

रक्तातली साखर निघाली २.८, इथल्या मापात, म्हणजे mmol/L मध्ये. पाचच्या पुढे हवी. स्वादुपिंडात गाठी, त्या नको तितकं इन्सुलिन सोडतात. मधल्या वयापुढच्या फेरेटना हे फार होतं म्हणे. गुणी वगैरे काही नव्हता तो, त्याच्या अंगात उड्या मारायला साखरच शिल्लक राहात नव्हती.

१४ जुलै, गुरुवार.

आईचा फोन. पहिला प्रश्न, "मुंगूस कसंय?" मुंगूस नव्हे, याचं नातं पाणमांजराशी, हे सांगून मी थकले. तिचं ठरलंय. फोन याच्या तोंडाशी धरायला लावते आणि ऐंशीव्या वर्षी म्हणते, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ." केविन तोंड दाखवतो. फोनला रबराचं कव्हर आहे, त्याचा वास आवडतो त्याला.

आईचा मधुमेह पंचवीस वर्षांचा. तिची साखर चढते, याची उतरते, यावर ती फार खूश आहे. "मग त्याला पेढा दे की." तेच तर करायचं नाही. गोड दिलं की साखर वर जाते, गाठी चवताळून आणखी इन्सुलिन सोडतात, आणि साखर पहिल्यापेक्षा खाली. म्हणून मांस, फक्त मांस, आणि थोडं थोडं. आईला हे पटकन कळलं. गोळी घेतल्यावर जेवण चुकलं तर काय होतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. "घाम फुटतो गं, आणि बोलायचं सुचत नाही," म्हणाली. केविनलाही बोलायचं सुचत नसणार.

ठकीला लस टोचून आणली, डिस्टेंपर या रोगाची. तिचं माज थांबवणारं इम्प्लांट मार्चमध्येच झालं. जिल, म्हणजे मादी, माजावर आली आणि नर मिळाला नाही तर माज उतरतच नाही, रक्त बनणं बंद होऊन मरतेसुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही कसली देवाची करणी म्हणून रागच आला होता.

१७ जुलै, रविवार.

उद्या-परवासाठी लाल इशारा. उष्णतेसाठी असा इशारा या देशात पहिल्यांदाच. आई म्हणते, चाळीस म्हणजे आमचा एप्रिल. तिला काय सांगणार, ही विटांची घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखा एकच, तोही टेबलावरचा. फेरेटला घाम जवळजवळ येतच नाही, तिशीच्या पुढे त्याचं काही खरं नसतं. झोळ्या वरच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात बांधल्या, तिथली फरशी गार. पाण्याच्या चार बाटल्या गोठवल्या, जुन्या सुती साडीचे तुकडे करून गुंडाळायला ठेवले. शेजारचे आजोबा येऊन बघून गेले. खाणीत होते, सशांच्या शिकारीला आयुष्यभर फेरेट पाळले. पडदे दुपारी नाही, सकाळीच ओढ, म्हणाले.

१९ जुलै, मंगळवार. रात्र.

लिंकनशरमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३. ब्रिटनमध्ये आजवर कधी चाळीस झालं नव्हतं. आमच्याकडे वर ३४, स्वयंपाकघरात २९.

दुपारी दोनची वाटी केविनने अर्धीच खाल्ली. मी वहीत "अर्धी" असं लिहिलं आणि उकाड्यावर ढकललं. पुन्हा तेच.

साडेतीनला झोळीतून उचलला तर ओल्या टॉवेलसारखा दोन्हीकडून लोंबला. आता फेरेटची झोपच अशी असते. हलवा, हाक मारा, मान इकडून तिकडे पडते, आणि मिनिटभराने हा जांभई देतो. आजोबा सांगतात, नवे लोक मेलेलं समजून रडत येतात त्यांच्याकडे. म्हणून आधी थांबले. नावाने हाक मारली, पोट चोळलं. मग वाटलं ऊन लागलं. पण अंग तापलेलं नव्हतं, धापही नव्हती. ओट्यावर ठेवला तेव्हा ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटली आणि पुढचा पंजा अगदी सावकाश तोंडाकडे गेला. अर्ध्यावर थांबला.

मध ओट्यावरच असतो, मेपासून, फक्त अशा वेळेपुरता. झाकण निघेना, दाताने फिरवलं. बोटाला लावून हिरडीवर चोळला, ओतला नाही, गिळायची शुद्ध नव्हती. पुन्हा लावला. हिरड्या पांढरट दिसत होत्या. ह्यांना फोन लावला तर ते तिकडून "श्वास घेतोय का" एवढंच विचारत राहिले. पाच मिनिटं असतील, घड्याळ बघायचं राहिलं. मग बोटावर जीभ लागली. खरखरीत, बारीक. आणि लगेच चावला. चांगला कचकन.

लगेच चिकन दिलं, बोटाचं रक्त तसंच. ते वाटीभर संपवून हा माझ्या मांडीवर झोपला आणि मला कळेना की ही झोप आहे का. दर दोन मिनिटांनी उठवत बसले बिचाऱ्याला.

२० जुलै, बुधवार.

डॉक्टरांकडे. प्रेडनिसोलोन, त्याची साखर वर ठेवायचं औषध, थोडं वाढवलं, सकाळ-संध्याकाळ सात वाजता. वाटी अर्धी राहिली तर अर्ध्या तासाने पुन्हा पुढे करायची. शस्त्रक्रियेचं बोलणं झालं. गाठी काढता येतात, पण परत येतात. लेकीला विचारायला हवं. ती फोनवर आधी रडली, मग मला काल का नाही सांगितलंस म्हणून भांडली.

वजन १०७०.

२३ जुलै, शनिवार.

अठरा डिग्री, पाऊस. हवा सुटली.

सकाळी कुकरची रिंग सापडेना. ह्यांनी ड्रॉवर उपसले. मी गॅसमागे, सिंकखाली बघितलं. घरात फेरेट असताना रबर हरवणं चांगलं नाही. चावून तुकडा गिळला तर आतडं अडतं, पोट उघडावं लागतं. ठकी आपला माल वॉशिंग मशीनच्या मागे नेते. तिथे एक मोजा, दोन बटाटे.

मग फरशीवर पालथी पडून सोफ्याखाली बॅटरी मारली. रिंग तिथे होती. शेजारी केविन, रिंगवर पाय ठेवून. मार्चपासून तिथे काहीच जमा झालं नव्हतं. हात घातला तर डुक-डुक करून मागे सरला आणि रिंग बरोबर ओढू लागला.

दिली शेवटी. सगळ्या काठावरून बोट फिरवलं. एका ठिकाणी चार दातांच्या खुणा, पण तुकडा कुठे गेलेला नाही. धुऊन कुकरला लावली. बाजूने वाफ येते, शिट्टी होत नाही. नवी मागवायला हवी.

वजन १०९०. दोनची वाटी पूर्ण.