तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतलं पाणी गोठत नाही का?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "काकू, त्या बर्फात तुम्ही गाडीत राहता, मग नळाचं पाणी गोठत नाही का?" तिळगूळ घेता घेता याचं उत्तर होत नाही. यंदा तर ओळखीतली दोन कुटुंबं टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून हिमाचलमधल्या किन्नौरला निघाली आहेत. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

गोठतं. आमचंही गोठलं होतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं नळ-पाइपांचं दुकान. एल्बो (पाइपाचा वळणाचा सांधा), टी, युनियन, बॉल व्हॉल्व्ह यांच्यात माझी पंचवीस वर्षं गेली. गाडीतलं प्लंबिंगही आम्हीच केलं. पलंगाखाली टाकी, १२ व्होल्टचा पंप, सीपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) पाइप, सिंकखाली फिल्टर. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा ४-५ अंशांवर येतो, दुपारपर्यंत धुकं हटत नाही, पण नळ काही गोठत नाहीत. त्यामुळे पाणी गोठलं की पाइपाचं काय होतं, ते दुकानात बसून मला कधी कळलं नव्हतं. ते कळलं काल्प्याला.

काल्पा म्हणजे किन्नौरमध्ये, सुमारे २,९०० मीटरवर. जानेवारीतली रात्र. बाहेरगावी जाताना घरी करतो तसं मी झोपण्यापूर्वी सगळे नळ घट्ट बंद केले, टाकीचा व्हॉल्व्हही फिरवला. सकाळी नळ उघडला तर थेंब नाही. पंप नुसता गुरगुरला. हे म्हणाले, "ऊन येऊ दे, सुटेल." अकराच्या सुमारास सुटलं ते सिंकच्या मागून. सुईसारखी बारीक धार, आणि आमचं लक्ष जाईपर्यंत निम्मी गादी ओली. एल्बो कापून काढला आणि उजेडात धरला. बाहेरच्या वळणावर केसाएवढी चीर होती, डोळ्यांना दिसेना, पण नख फिरवलं की अडकायचं. फिल्टरचं भांडंही तळाशी तडकलेलं. हे सगळं फुटलं होतं रात्रीच. सकाळपर्यंत बर्फच त्या चिरेत बूच बनून बसला होता, म्हणून कळलं नाही इतकंच.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण पाइप बहुतेक वेळा बर्फाच्या जागी फुटत नाही, हे शिकवत नाहीत. पाइपात कुठेतरी बर्फ धरतो, वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाकडे रेटत राहतो. त्या कोंडलेल्या पाण्याला जायला जागा नसते. दाब वाढत वाढत जो सांधा कमजोर असेल तो जातो. माझ्या घट्ट बंद केलेल्या नळांनीच त्या पाण्याची वाट अडवली होती. याची मला आजही हळहळ वाटते, कारण नळ नुसते उघडे ठेवले असते तरी तो एल्बो बहुधा वाचला असता.

तेव्हापासून आमचा नेम ठरला. जिथे रात्री पारा शून्याखाली जाणार, तिथे पाइपात पाणी मुक्कामाला ठेवायचं नाही. पाइपलाइनच्या सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन कॉक बसवला. संध्याकाळी तो उघडायचा, सगळे नळ उघडायचे, पंप रिकामा चालवायचा. पाण्याऐवजी हवा फुरफुरायला लागली की बंद. पंपाच्या पोटात घोटभर पाणी राहतंच, म्हणून पुढचा पाइप सोडवून तेही निथळून घ्यायचं. फिल्टरचं भांडं आटे फिरवून काढायचं. सिंकखालच्या बॉटल ट्रॅपचा, म्हणजे सांडपाण्याच्या वाटेवर थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याचा, खालचा कप हाताने निघतो, तो बादलीत ओतून उलटा ठेवायचा. एवढं करायला मला वीस मिनिटं लागतात. फुटलेला पाइप सीपीव्हीसीचाच असल्यामुळे आता पेक्स (लवचीक प्लास्टिकचा) पाइप टाकलाय, तो थोडं ताणणं सोसतो. पण पेक्स आहे म्हणून पाणी भरून ठेवू नका. फिटिंग आणि पंप सोसत नाहीत.

ट्रॅपमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात रेडिएटरचं कूलंट ओतायचा सल्ला मिळेल. कृपा करून नको. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी, आणि चवीला गोड. ते जमिनीवर सांडलं की कुत्री चाटतात.

रात्रीचं पाणी आम्ही तीन थर्मासमध्ये आणि बाटल्यांमध्ये आमच्याजवळ ठेवतो. बाटल्या झाकण खाली करून उभ्या करायच्या. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं आणि सकाळी झाकण फिरतं. स्पितीतल्या काझ्याला, साडेतीन हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात रात्री पारा उणे २० च्या आसपास जातो. तिथल्या घरांतून नळ बंदच असतात, पाणी बादलीने आणतात. आम्हीही तिथे तसंच करतो, गाडीची टाकी कोरडी ठेवून.

आता हीटर. तो माणसांसाठी असतो. डिझेलचा हीटर घ्यावा, धूर बाहेर सोडणारा, आणि उंचीवर हवा विरळ म्हणून तो काजळी धरतो, तेव्हा उंचीची सेटिंग असलेला. शेगडी किंवा गॅस पेटवून बंद गाडीत झोपणं, हे मी कुणालाही कळवळून सांगते, करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म पलंगाजवळ लावा आणि छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. दोन माणसांच्या श्वासाची वाफ काचेवर गोठते, तीही त्यातून निघून जाते. सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवायची, म्हणजे आतली ऊब सांध्यांपर्यंत पोचते.

बाकीचं थोडक्यात. मैदानातलं डिझेल थंडीत मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून ग्वाल्हेरला टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नका. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं हिवाळी डिझेल आणलं. वर पोचल्यावर पंपावर तसं काही मिळतं का, ते विचारा. गॅसच्या सिलिंडरमधलं ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ होणं सोडतं, त्यामुळे पहाटे शेगडी मंद होते. सिलिंडरला ऊब द्यायला म्हणून ज्योत जवळ नेऊ नका, ऊन येईपर्यंत थर्मासच्या पाण्यावर भागवा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, ती कायमची बिघडते. हँडब्रेक गोठून अडकतो, तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. गाडीचं तोंड पूर्वेला ठेवा, पहिलं ऊन इंजिनावर पडतं.

परत येताना रामपूरला सतलजच्या काठी आम्ही थांबतो. तिथे टाकी पहिल्यांदा भरते. पंप सुरू केला की नळ आधी खोकतो, हवा सोडतो, मग फेसाळ पाणी, मग सरळ धार. मी सिंकखालच्या कपाटात डोकं घालून टॉर्च लावते आणि प्रत्येक सांध्यावरून कागदी रुमाल फिरवत जाते. रुमाल शेवटच्या एल्बोपर्यंत कोरडा राहिला की ह्यांना सांगते, ठेवा चहाचं आधण.