भिंतीचे पोपडे

चाळीतली खोली रिकामी करताना मी भिंतीचे पोपडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून घेतले. वरळीच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली. नवं घर 500 चौरस फुटांचं, त्याचा आनंद होताच. पण ही भिंत पडणार होती आणि ते मला सोसत नव्हतं.

म्हणून कोलाज करायला घेतलं. दोन फूट बाय दीड फूट प्लाय. त्यावर आईच्या नऊवारीचा काठ, विजेची बिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स. कोणी विचारलं की आम्ही आडनावाआधी चाळीचा नंबर सांगायचो, म्हणून पत्त्याची ओळ मोठी करून घेतली. मूळ कागदांना मात्र हात लावला नाही. सगळं चिकटवून झालं, दिसायलाही बरं होतं, पण आमचं घर काही त्यात उतरलं नाही.

आजोबांच्या गिरणीच्या पासाने तर रडवलं. इंकजेटची प्रिंट ओली होताच शाई पसरली आणि चेहराच गेला. लेझर प्रिंट पालथी चिकटवून छाप उतरवला तर नाव आरशातल्यासारखं उलटं उमटलं. तिसऱ्यांदा आधीच उलटी प्रिंट काढली, अ‍ॅक्रिलिक मीडियम, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणारा डिंकासारखा द्रव, लावून पालथी चिकटवली, रात्रभर वाळू दिली. सकाळी पाणी शिंपडून बोटाने कागद चोळत बसले. कागदाच्या बारीक वळ्या निघत गेल्या आणि खालून आधी टोपी, मग मिशी, मग आजोबांचं नाव वर आलं.

तेव्हा डबा आठवला. एक पोपडा उजेडात धरला. कडेला थर स्पष्ट होते: वर पिस्ता, मग आकाशी, मग गुलाबी, तळाला चुना. आई म्हणाली, "गुलाबी तुझ्या आत्याच्या लग्नातला. आकाशी तू झालीस तेव्हाचा."

मग जीव घट्ट करून अख्खं चित्र झाकलं. तळाच्या चुन्यापासून वर त्याच क्रमाने चार रंग, एक पूर्ण वाळला की दुसरा. आणि काचपेपरने घासायला लागले. काठाची वीण उंच, त्यामुळे आधी तीच उघडी पडली. मग पत्त्यातला 'खोली क्र.' दिसला, मग आजोबांची टोपी. कुठे किती घासायचं हे हातच ठरवत होता.

आईने बराच वेळ बघितलं. मग डावीकडे खाली बोट ठेवलं. "इथे मोरी. इथे रंग कधी टिकलाच नाही गं."

तो कोपरा मी प्लायपर्यंत खरवडला.