‘टक’ झालं की पडतो

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आलेली. गोव्यात साखळी गावाजवळच्या एका सुतारशाळेतून फोन: थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन) सुरू केला की एमसीबी, म्हणजे करंट वाढला की लाइन तोडणारा स्विच, पडतो. पोचलो तेव्हा मेस्तांच्या, म्हणजे सुतारांच्या, हातात सी ३२ चा (सी हा वर्ग, ३२ हे अँपिअर) नवा एमसीबी तयारच होता. मूळचा सी १६. तो पडतो म्हणून कुणी सी २० लावला, मग सी २५. पंचविसावर तीनदा सुरू केलं की एकदा पडायचा, तेव्हा बत्तिसावर थांबेल हा हिशेब. थांबलाही असता. पण खालची वायर २.५ स्क्वेअर एमएमची, पाइपातून ओढलेली. ३२ अँपिअरला तिचं इन्सुलेशन शिजलं असतं आणि एमसीबी मख्ख बसून राहिला असता.

मोटार साडेसात एचपीची, थ्री फेज, १४४० आरपीएम, नेमप्लेटवर ११ अँपिअर. स्टार्टर स्टार-डेल्टा: आधी वायंडिंग स्टारमध्ये जोडून कमी करंटवर मोटार उचलायची, मग टायमरने पूर्ण ताकदीच्या डेल्टा जोडणीवर टाकायची. मी एकच विचारलं, बटण दाबताक्षणी पडतो की नंतर?

“टक्क जाता आनी पडटा.”

अर्धं काम इथेच झालं. बटण दाबताक्षणी पडला असता तर शॉर्ट किंवा वायंडिंग तपासायचं. मिनिटभराने पडला असता तर जास्तीचा लोड किंवा एक फेज गेलेला. ‘टक’ म्हणजे स्टारचा कॉन्टॅक्टर (चुंबकाने ओढला जाणारा स्विच) सुटून डेल्टाचा बसतो तो आवाज. भानगड त्या क्षणाची होती.

स्टारमध्ये लाइनचा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश असतो. टॉर्कही, म्हणजे फिरवण्याचा जोरही, तेवढाच घटतो, आणि नेमका तोच विसरला जातो. त्यात सुरू होताना मोटारीच्या टर्मिनलवर व्होल्टेज भरलं ३८०. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे ४१५ च्या मानाने ८४ टक्के, त्याचा तिसरा हिस्सा २८ टक्के. एवढ्यावर पात्यांचा जड कटर ब्लॉक फिरवायचा. टंग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती अडकवायचा करंटमीटर, लावला. स्टारमध्ये २२ अँपिअर, तीन सेकंदांनीही १९, आणि तिथेच टक. टायमर तीन सेकंदांवर होता. मोटार अजून रांगत असतानाच डेल्टा बसत होता, म्हणजे जवळजवळ थेट स्टार्ट: साठ-सत्तर अँपिअर. कॉन्टॅक्टर बदलतानाच्या फटीत रोटरमधलं उरलेलं चुंबकत्व लाइनशी विसंगत झालेलं असतं, त्यामुळे पहिल्या सायकलचा झटका याच्या दुप्पट-तिप्पटही जातो. टंग टेस्टरला तो दिसत नाही, एमसीबीला दिसतो. सी वर्गाचा एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पटीत तत्क्षणी पडतो, म्हणजे सी १६ हा ८० ते १६० अँपिअरमध्ये. बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं.

मग मोटार रांगत का होती? मेन बंद करून पुली हाताने फिरवली, तर जड. गेल्या महिन्यात व्ही-बेल्ट नवे घातलेले आणि सतारीच्या तारेसारखे ताणलेले. दोन पुलींच्या मध्ये ५० सेंटिमीटर अंतर, तिथे अंगठ्याने दाबल्यावर आठेक मिलिमीटर दबायला हवेत. इथे दोनही नाहीत. शिवाय लाकूड आत ओढणारा फीड रोलर गुंतवूनच मशीन सुरू करायची सवय. ओला फणस रंधलेला, रोलरवर चीक बसलेला. तो रॉकेलने पुसला, बेल्ट सैल केले, फीड सोडून स्टार्ट दिला. पाचव्या सेकंदाला करंट ४ वर आला. टायमर सातवर ठेवला. आता टक झालं तरी दिवा मिचकावला नाही.

जास्तीच्या लोडवर मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले ११ वर लावलेला होता. नेमप्लेटचा आकडा म्हणून कुणीही तेच करील, पण या स्टार्टरमध्ये रिले डेल्टाच्या आत, वायंडिंगच्या वाटेवर आहे. तिथे लाइनच्या करंटचा ०.५८ हिस्साच जातो, म्हणून ११ ला ०.५८ ने गुणायचं: ६.४. अकरावर ठेवला तर लाइनला १९ अँपिअर गेले तरी तो हलणार नाही. सहा-सात वर्षं मोटार नशिबावर चालली होती.

एमसीबी डी १६ बसवला. डी वर्ग तत्क्षणी पडतो तो १० ते २० पटीत, म्हणजे १६० ते ३२० अँपिअरला. वायरीला १६ चंच संरक्षण, झटका सोसायला मात्र जागा. पण डी लावला की अर्थिंगकडे बघावंच लागतं. अर्थिंगच्या पिटचा रोध मोजला तर ९ ओहम, तेही ऑगस्टच्या ओल्या जांभ्यात. एप्रिलात तो चढणार. २३० भागिले ९, पंचवीसेक अँपिअर. फेज मशीनच्या अंगाला लागला तर एवढ्यावर डी १६ पटकन पडत नाही. खरं तर सी १६ ही पडला नसता, आजवर कुणी मोजलं नव्हतं इतकंच. म्हणून पुढे चार पोलचा १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, घातला.

लागोपाठ स्टार्ट मोटारीला तापवतात, म्हणून दहा-दहा मिनिटं सोडून चारदा सुरू करून पाहिलं. एकदाही पडला नाही. मेस्त खूश. शेवटी मशीन चालू असतानाच मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं आणि सगळं थंड.

“आतां तुमीच पाडटात?” मेस्त म्हणाले.