चांदणी मंद नव्हती, वाट बघत होती

सापडलं! तीन महिने ज्याच्या मागे लागले होते, ते रविवारी सापडलं, तेही ड्रेसाजच्या (ठरलेल्या हालचाली घोड्याकडून अचूक करून घेण्याच्या) स्पर्धेत फजिती झाल्यावर.

माझ्या चांदणी घोडीची अडचण मागच्या नोंदींत आलीच आहे. रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची. घरच्या मैदानात टाच लागायच्या आत पुढे, पण स्पर्धेच्या २० बाय ४० मीटरच्या मैदानात 'ए' खुणेवरून आत शिरलं, की तिसऱ्या हालचालीपासून माझ्या पायाच्या इशाऱ्याला उत्तरच नाही. रविवारी 'एच-एक्स-एफ' कर्णावर ('एक्स' म्हणजे मैदानाचा मध्य) दुडकी लांबवायची होती. पाय लावला, काही नाही. जोरात लावला, तर पोट घट्ट करून आणखी जड झाली. 'एक्स'पर्यंत माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या. गुण दहापैकी ४.५, शेरा 'इम्पल्शन नाही', म्हणजे मागून पुढे ढकलणारा जोर नाही. शेरा बरोबरच होता.

उन्हाला दोष देऊन झाला होता. चंदी वाढवून झाली, वॉर्म-अप ४५ मिनिटांवरून २५ वर आणला. त्या शेवटच्या बदलाचा खरंच फायदा झाला: शेवटी सेंटर लाइनवर (मैदानाच्या मधल्या रेषेवर) चारी पायांवर चौकोनी, सरळ थांबली, ७ गुण! पण मधली मरगळ तशीच.

खोगिराचा तंग सैल करताना मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारे) मामा म्हणाले, "ताई, आज तुम्ही तिच्याशी बोललाच नाहीत."

मी जागीच थांबले. घरी येऊन सरावाचे व्हिडिओ आवाज वाढवून लावले. प्रत्येक ट्रान्झिशनच्या (चाल बदलण्याच्या) आधी जीभ वाजवून माझं 'च्च'. वीस मिनिटांत ३१ वेळा! स्पर्धेत जीभ वाजवली तर त्या हालचालीचे गुण कापले जातात, म्हणून तिथे मी आपोआप गप्प. चांदणी पायाला नाही, 'च्च'ला उत्तर देत होती. पाय तर मी सतत चिकटवूनच ठेवत होते, त्याला अर्थच उरला नव्हता.

मंगळवारपासून मामा कुंपणापाशी उभे राहून माझे 'च्च' मोजतात. पाय एकदा हलका लावायचा आणि लगेच सोडायचा. उत्तर नाही आलं तर चाबकाची एकच टिचकी. ती कँटरमध्ये (दुडकीपेक्षा वेगवान चालीत) उडाली तरी लगाम ओढायचा नाही, कारण पुढे गेल्याची शिक्षा झाली तर पुढच्या वेळी ती जाईलच कशाला? पहिल्या दिवशी मोजणी १२, बुधवारी ४. बुधवारी चालीतून दुडकीला पाय नुसता टेकवला, तर तिचा डावा कान मागे माझ्याकडे वळला, पाठ खोगिराखाली उचलली गेली आणि ती निघाली. इतकं हलकं! मी उतरून तिच्या मानेला मिठी मारली.

कानपूरहून बोथट स्पर (बुटाच्या टाचेला लावायची आर) मागवणार होते, तो बेत रद्द. ज्या घोड्याला साधा पाय समजत नाही, त्याला स्पर लावणं मला पटत नाही. कानपूरचे दुहेरी शिलाईचे लगाम मात्र जरूर घ्या. माझे चार पावसाळे टिकलेत.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: 'च्च' एकदम बंद का करायचं? तिला त्याचा अर्थ पक्का माहीत आहे, तर तो वापरावा. आधी पाय, एक क्षण थांबून 'च्च'. क्रम चुकवायचा नाही. दोन-चार दिवसांत ती 'च्च'ची वाट न बघता पायालाच निघेल, मग तो गाळायचा. चाबकाची टिचकीही बहुतेक लागणार नाही. म्हणजे वर लिहिलेली पद्धत उद्यापासून बदलली. वाढवलेली चंदीही पूर्ववत करते, दोष चंदीचा नव्हताच.

मामांना आता दोन रकाने करायला सांगणार आहे: 'च्च'च्या आधी निघाली आणि नंतर निघाली.